दोंब्र्याचा हात

"सेरिकबाय आगा, मुलींनी गिटारला बारीकच तारा लावायच्या असतात का हो?"

मैत्रिणींशी पैज लागली होती, म्हणून अकबोतानं अल्माटीतल्या वाद्यांच्या दुकानात शिरल्याशिरल्या विचारून टाकलं.

"कोण म्हणतं?" दुकानदार हसले.

"मैत्रिणी! नऊ नंबरच्या बारीक लाव, बोटं सोलणार नाहीत, म्हणतात. दादा म्हणतो, अकराच्या जाड लाव. डोक्याचा पार भुगा झालाय! परवा शाळेत नौरीजचा, नव्या वर्षाचा कार्यक्रम आहे, आणि नऊची तार दोनदा तुटली."

"वाजव बघू."

तिनं भिंतीवरची इलेक्ट्रिक गिटार घेतली. आगांची नजर तिच्या उजव्या मनगटावरच होती.

"अगं पोरी, तू तर गिटारही आपल्या दोन तारांच्या दोंब्र्यासारखी मनगटानं झोडपतेयस! दोंब्रा कधीपासून वाजवतेस?"

"पाच वर्षांची असल्यापासून."

"मग बारीक तार टिकेल कशी?"

अकबोता आणखीनच गोंधळली. "म्हणजे हात बदलू की तार?"

"ते तूच ठरव."

घरी पोचेपर्यंत तिचं दहादा ठरलं आणि दहादा फिरलं. आईबाबा चहा पीत बसले होते. बाबांच्या मागे भिंतीवर तिचा दोंब्रा टांगलेला होता.

"ऐका! हात हाच राहणार, तारा अकराच्या लावणार. आणि बोटं सोलली, तर फुंकर तुम्ही घालायची!"