पोहऱ्यातले दगड

मित्रांनो, मला तीन पाय आहेत, पण स्वतःच्या पायांनी मी एक पाऊलही चाललेलो नाही. मी कॅमेऱ्याचा जुना स्टँड आहे, वेळूचा. कोणीतरी मला खांद्यावर घेते, हवे तिथे नेते आणि पाय फाकवून उभे करते. मग न हलता उभे राहायचे, एवढेच माझे काम.

माझा जन्म नांदेडचा. लिंबाजी बुरुडाने किनवटच्या जंगलातले भरीव वेळू निवडून आणले, विस्तवावर शेकून सरळ केले आणि त्यांतून माझे पाय घडवले. वर पितळेची चकती बसवली. चकतीच्या खाली, तिन्ही पायांच्या मधोमध, एक लोखंडी आकडा लावला. दुकानात मला खुंटीला उलटे टांगता यावे, म्हणून तो आकडा. त्याचा दुसराही काही उपयोग असेल, हे तेव्हा लिंबाजीलाही माहीत नव्हते.

माझे मालक माणिकप्पा मूळचे निलंग्याचे, पण फोटोचे दुकान नांदेडला. दुकानात आधीपासून सागवानाचा एक स्टँड होता. त्याला ते थोरला म्हणत आणि मला काडी. थोरला इतका जड की तो उंबऱ्याबाहेर कधी गेलाच नाही. गिऱ्हाईक मात्र मला पाहूनच हसायचे. एकाने तर विचारले होते, "अप्पा, ह्याच्यावर कॅमेरा ठेवता का चिमणी बसवता?" मला वाईट वाटायचे. आपण हलके आहोत म्हणजे आपल्यात काही कमी आहे, असे मी धरून चाललो होतो.

मग बहात्तर सालचा दुष्काळ आला. त्यापुढच्या उन्हाळ्यात एका शनिवारी साखराबाई नावाची बाई दुकानात आली. "जयभीम, अप्पा," म्हणाली आणि उभ्या उभ्याच बोलू लागली. इस्लापूरपासून तीन कोस आत, डोंगरात तिची वस्ती. दुष्काळी कामावर ती खडी फोडत होती. वस्तीची विहीर आटली होती, पण सरकारी कागदावर तिला बारमाही पाणी होते. तो कागद कुठल्याशा चांगल्या सालातला. वर जीप चढत नव्हती, म्हणून साहेबांनी सांगितले होते की विहिरीचा तळ स्पष्ट दिसेल असा फोटो आणा. टँकरची यादी सोमवारी पक्की होणार होती. मध्ये एकच दिवस होता.

त्या संध्याकाळी माणिकप्पांनी सगळे सामान जमिनीवर मांडले. मोठा कॅमेरा उचलला आणि परत ठेवला. लहान कॅमेरा घेतला, फिल्मचा एकच रोल घेतला. मग थोरल्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि कॅनव्हासची पाण्याची छागल हातात घेऊन तोलून पाहिली. आटलेल्या गावात पाहुण्याने आपले पाणी आपण न्यायचे, ही त्या वर्षीची रीत होती. थोरला नेला असता तर छागल अर्धीच भरावी लागली असती. त्यांनी मला उचलले आणि छागल काठोकाठ भरली.

रविवारी पहिल्या एसटीने आम्ही निघालो. पुढे तीन कोस पायी. विहिरीवर पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. ऊन कलले होते आणि तळाशी अंधार होता. अशा अंधारात फोटो घ्यायचा तर दहापर्यंत मोजेस्तोवर कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढा वेळ स्टँडने तसूभरही हलायचे नसते. उद्याच्या उन्हाची वाट पाहायला सवड नव्हती.

माणिकप्पांनी मला काठावर उभे केले. डोंगरावरचा वारा आला आणि मी थरथरलो. पुन्हा आला, पुन्हा थरथरलो. "थोरला पाहिजे होता," ते पुटपुटले. मित्रांनो, तो क्षण मी विसरलो नाही.

मग त्यांना काय सुचले कोण जाणे. त्यांनी भरलेली छागल माझ्या आकड्याला टांगली. तिच्या वजनाने माझे पाय मातीत रुतले, आणि वारा आला तरी मी हललो नाही.

तेवढ्यात वस्तीतली म्हातारी नागुबाई फुलपात्रात गढूळ पाणी घेऊन आली. अर्धेच होते. पाहुण्याला पाणी विचारल्याशिवाय कसे राहायचे? तिचे स्वतःचे ओठ मात्र फुटलेले होते. माणिकप्पांनी ते फुलपात्र नमस्कार करून परत दिले. छागलीकडे पाहिले. मला वाटले, आधी फोटो घेतील. पण म्हातारी समोर उभी होती. त्यांनी छागल काढली आणि बाया जमल्या होत्या त्यांच्या भांड्यांत सगळी रिकामी केली. स्वतःसाठी दोन घोट ठेवले.

आता मी पुन्हा काडी झालो. माणिकप्पा कपाळाला हात लावून काठावर बसले.

साखराबाईने विहिरीवरचा पोहरा ओढला. पंधरा दिवस तो कोरडाच वर येत होता. तिने त्यात भराभर दगड भरले आणि पोहऱ्याचीच दोरी माझ्या आकड्याला बांधली.

"पाण्याचा दुष्काळ हाय, अप्पा," ती म्हणाली. "दगडाचा न्हाई."

माणिकप्पांनी दहापर्यंत मोजले. मी श्वास रोखून उभा होतो.

रातोरात धुतलेला फोटो सोमवारी साहेबांनी पाहिला. तळाच्या भेगा मोजता येतील इतक्या स्वच्छ दिसत होत्या. वस्तीचे नाव यादीत चढले आणि गुरुवारी डोंगराच्या पायथ्याशी टँकर उभा राहिला.

पुढे ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला आणि माणिकप्पा गावाजवळ म्हणून दुकान घेऊन लातूरला आले. नव्या कचेऱ्या, नव्या नोकऱ्या, अर्जावर लावायचे फोटो. स्टुडिओत चकचकीत ॲल्युमिनियमचा स्टँड आला. मी माळ्यावर गेलो. माझे सांधे सुकले, एका पायाला किडीने भोक पाडले.

काही वर्षांनी पाऊस पुन्हा रुसला. माणिकप्पांची मुलगी रुद्राणी आता फोटो काढायची. दूरच्या तांड्यांवर जायचे म्हणून तिने सामान जमिनीवर मांडले, अगदी वडिलांसारखे. माळ्यावरून मला काढले आणि विचारले, "अप्पा, हे मोडीत टाकू का? नवा स्टँड बी हलकाच हाय की."

माणिकप्पा खुर्चीतून म्हणाले, "हाय. पण त्याला आकडा कुठं हाय?"

मग त्यांनी तिला ती रविवारची गोष्ट सांगितली.  रुद्राणीने करडईचे तेल आणून माझे सांधे चोळले, भोक मेणाने बुजवले, आणि आकड्यावरचा गंज घासून काढला. पोहऱ्याच्या त्या दोरीचा एक तुकडा अजून तिथेच होता. तो तिने काढला नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी ती एकदा हातात घेऊन पाहा, तिला थोडे तेल लावा. आणि दूर जायचे असेल तेव्हा ओझे कमी घ्या, पण पाणी कमी घेऊ नका. वाटेत कोणाला तरी ते लागेल.

सकाळी रुद्राणी निघाली. एका खांद्यावर मी होतो, दुसऱ्यावर काठोकाठ भरलेली छागल. दगड तिने घेतले नव्हते. ते तिथे मिळणार होते.