मातुराँ कोणाचा?

माझ्या नातीला, ब्लांदीनला, इतिहासाच्या सराव परीक्षेत वीसपैकी सहा मिळाले आणि घरातली सगळी बोटं माझ्याकडे वळली. धडा होता फ्रेंच राज्यक्रांतीचा. पोरीने लिहिलं होतं, ‘मग निळ्यांनी आपलं चर्च जाळलं आणि आपला मातुराँ विळा घेऊन राजासाठी लढायला गेला.’ बाईंनी लाल शाईने शेजारी विचारलं होतं, ‘आपला म्हणजे कोणाचा?’

आता यात विचारायचं काय? मातुराँ आमच्या घराण्यातला. एकोणीस वर्षांचा असताना प्रजासत्ताकाच्या सैनिकांनी, म्हणजे निळ्यांनी, त्याला मारला. क्रांतीविरुद्ध उठलेल्या आमच्या व्हांदे प्रांतात घरटी असा एक मातुराँ असतोच. पण बाई पडल्या तिकडे उत्तरेतल्या लील शहराच्या.

“आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?” माझी मुलगी मारियेल कडाडली. “बाबा, तुम्ही बिघडवलंत, तुम्हीच निस्तरा. तिला होड्या बांधायच्या शाळेत जायचंय. इतिहासात दहाच्या खाली आली, तर ते दारातूनच परत पाठवतील. आणि परीक्षा होईपर्यंत मातुराँचं नाव काढायचं नाही.”

झालं. दर चौदा जुलैला, म्हणजे क्रांतीच्या सणाला, खिडक्या लावून मासे धरायला जाणारा मी स्वयंपाकघरात बसून क्रांतीचे प्रश्न विचारू लागलो.

“पॅरिसच्या बायका व्हर्सायला राजाच्या महालावर का गेल्या?”

“पाव मिळत नव्हता म्हणून.”

मी चाळीस वर्षं बेकरी चालवली. एकदा पाव जरासा महाग केला, तर शेजारच्या मादाम गिबो महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

“बरोबर केलं बायकांनी!” मी टेबलावर हात आपटला.

“त्यांनी राजाला पॅरिसला आणलं, आजोबा.”

“आणायलाच पाहिजे!” म्हणालो, आणि कोणी ऐकलं तर नाही ना, म्हणून दाराकडे बघून घेतलं.

तीन आठवडे बरे गेले. पोरगी हुशार आहे, माझ्यावर गेली आहे. मग आमचं पान आलं. आमच्यासाठी पुस्तकात जेमतेम चार ओळी! राग गिळून मी विचारलं, “व्हांदेचे शेतकरी का उठले?” आणि ती तोंड उघडायच्या आत मीच उत्तर दिलं, “देवासाठी आणि राजासाठी!”

“प्रश्न मला आहे, तुम्हाला नाही. बाई म्हणाल्या, सरकारला सैन्यात तीन लाख माणसं भरायची होती. कोण जाणार, याच्या गावोगावी चिठ्ठ्या टाकत होते. यांना जायचं नव्हतं.”

“तुझ्या बाईंना काय कळतंय आमच्यातलं? मातुराँ काय चिठ्ठीला घाबरला?”

“नाव काढलंत!” तिने पुस्तक मिटलं. मग हळूच म्हणाली, “आजोबा, मला खरंच होड्या बांधायच्यात.”

मी प्रश्न पुन्हा विचारला, तिने चिठ्ठ्यांचंच उत्तर दिलं. “बरोबर,” मी म्हणालो. घशात माशाचा काटा अडकला असता तरी इतका त्रास झाला नसता.

परीक्षेच्या दिवशी मी शाळेच्या फाटकाशी तासभर आधीच जाऊन उभा राहिलो. ब्लांदीन धावत आली.

“आपलाच प्रश्न आला! का उठले, उदाहरण देऊन सांगा.”

“काय लिहिलंस?”

“चिठ्ठ्यांचं लिहिलं. चर्चचंही लिहिलं. आणि उदाहरण म्हणून एका मुलाचं दिलं. ‘आपला’ नाही म्हटलं हं! ‘एका गावातला एक मुलगा’ असं लिहिलं.”

“राजासाठी लढला, असं लिहिलंस ना?”

“एकोणीस वर्षांचा होता तो, आजोबा. मला वाटतं, त्याला फक्त घरी राहायचं होतं.”

साठ वर्षं, दर रविवारी, हॅम आणि घेवड्याच्या ताटावर मी त्या पोराला राजासाठी मारत आलो होतो. त्याला घरी राहावंसं वाटलं असेल, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. मला रडूच फुटलं. सगळ्या पोरांदेखत, भर फाटकात.

“चुकलं का माझं?” तिचा चेहरा पांढरा पडला.

“नाही गं बाळा. बरोबर लिहिलंस.”

पंधरा दिवसांनी निकाल लागला. वीसपैकी सोळा. होडीवाल्यांनी तिला घेतलीसुद्धा. मी मात्र अजून म्हणतो, तपासणाऱ्याने आमच्या मातुराँचे चार मार्क खाल्ले.