सुबोधच्या पिशवीतला तुकडा

मी धातूचा एक तुकडा बोलतोय. तळहाताएवढा, काळपटलेला, एका कडेला करवतीसारखा. नाहूरच्या जानकीकाकींकडे, त्यांच्या सुबोधच्या फोटोखाली, पाना आणि पकडीच्या शेजारी माझा मुक्काम असतो.

जन्माने मी क्षेपणास्त्राचा. पण मारणाऱ्या नव्हे, राखणाऱ्या! येणारं क्षेपणास्त्र आभाळातच फोडायचं, हे माझं काम. कारखान्यात मला हातमोजे घालून हाताळायचे. काय तोरा होता माझा!

आखातातल्या एका बंदरावर भर दुपारी मी उडालो आणि नेम साधला. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र तुकडा होऊन पडतच होतो. खाली सुबोध होता, क्रेनचा फिटर. पुढचं मला सांगवत नाही.

त्याच्या खोलीतला सोबती ॲश्टन, खारदांड्याचा. सुबोधची हत्यारं घरी आणताना त्याने मलाही पिशवीत टाकलं. पण मी कोण, हे सांगायला त्याची जीभ रेटली नाही. काकींना वाटलं, मीही लेकाचं हत्यारच. खंडेनवमीला त्यांनी मला पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. ते कुंकू मला अजून भाजतं.

त्याच दिवशी ॲश्टन भेटायला आला. धाकटा हर्षद त्याच बंदरावरच्या नोकरीचं पत्र घेऊन आईला पटवत होता.

"आये, टेन्शन नको घेऊ. शंभरातली नव्वद हवेतच पाडतात. दादा उरलेल्या दहात सापडला, नशीब."

"नव्वद मोजली कोणी रे?" ॲश्टन म्हणाला. "जे विकतात त्यांनीच ना?"

"मग काय, सिस्टीम फेल आहे?"

"फेल नाय, यार. त्या दिवशी एकच आलं, तेही पाडलं. शंभर टक्के पास." मग त्याची नजर पाटावर गेली आणि तो रडू लागला. "पाडणाऱ्याचाच हा तुकडा, काकी. सुबोध ह्याच्याने गेला."

"म्हंजे ह्या माझ्या झिलाचा हत्यार न्हय?"

"नाय, काकी."

माझ्यावरचा झेंडू उचलून काकींनी पकडीवर ठेवला आणि मला हर्षदच्या पत्रावर.

"जातंस तर जा. पण ह्येका सोबत ने. थयल्या बंदरावरच्या सायबाक विचार, ह्येका नव्वदात धरलात की दहात?"

हर्षदने अजून मला उचललेलं नाही. पत्र माझ्याखालीच आहे. माझं वजन ते किती. बोटाने सरकवलं तरी पत्र मोकळं होईल. बाबा रे, माझा नेम चुकला नव्हता. म्हणूनच सांगतो, जाऊ नकोस.