बोटीनं जाणारा रेडिओ

...झाकण काही निघेना. ट्रान्झिस्टरच्या पाठीवरचं ते बोटभर झाकण, आणि तिचं नख त्याच्या फटीत अडकलेलं — खामगावच्या पोस्टात मागे माणसं ताटकळलेली.

"सेल काढा लागते, पुष्पाबाई," खिडकीतले अर्जुनराव म्हणाले. "बोटीतून जाते हे पार्सल बहरीनले. सेल गळते, तापते. धोक्याचा माल हाय तो."

धोक्याचा माल! पुष्पाला हसूच आलं. हे सेल तिच्या यजमानांनी बहरीनला जाताना स्वतःच्या हातानं घातले होते — कापसाच्या जिनिंगमधले फिटर, हातांना कायम ग्रीसचा वास — आणि म्हणाले होते, हे संपायच्या आत येतो. मग सेल संपूच द्यायचे नाहीत, इतकं साधं! तीन वर्षं तिनं बटण फिरवलं नाही. शेजारच्या जनकाबाई गाणी लाव म्हणाल्या की "बिघडला हाय" म्हणायची, आणि याच खिडकीत दरवर्षी न वाजणाऱ्या रेडिओच्या सरकारी लायसनचे पैसे भरायची. वेडी म्हणा हवं तर... मी वाट बघत होते, दुसरं काय करत होते?

आणि परवा त्यांचं पत्र. करार आणखी तीन वर्षं वाढवला, इथे संध्याकाळी करमत नाही, रेडिओ बोटीच्या पार्सलानं पाठव. मला करमतं का, ते नाही विचारलं. रेडिओ मागवला म्हणजे बिऱ्हाड तिकडेच की!

झाकण निघालं. आत सेल फुगलेले, अंगावर पांढरा चिकट बुरा, स्प्रिंग हिरवी पडलेली.

"काऊन, वाजवला नाही का कधी?"

"एकदाही नाही."

"वापरा नाहीतर ठेवा, बाई, सेल मरतेच."

तिला राग आला — यजमानांचा, स्वतःचा, कुणाचा कोण जाणे. भाजी निवडताना, दळण पाखडताना, एकटीनं जेवताना ऐकता आली असती ती सगळी गाणी... ती जपून कुणासाठी ठेवली मी?

अर्जुनरावांनी फॉर्म पुढे सरकवला. पत्ता तिला पाठ होता. तिनं पेन घेतलं, ठेवलं.

"अर्जुनराव, नवे सेल कुठी भेटतात हो?"

"काऊन? सेल पाठवता येत नाही, सांगतलं ना."

"पाठवाले नाही."

ते पुढे काही बोलत होते, मागचा माणूस खाकरत होता. तिनं पदरानं तो बुरा पुसून काढला. आठवण तशीच दुखत होती, जरासुद्धा कमी नाही. पण आज संध्याकाळी रेडिओवर काय लागत असेल, हेही मनात येऊन गेलं.