वाढत्या मापाची सायकल

उत्रोलीच्या मंगलने आजवर हजारेक गणवेश शिवले असतील, पण त्यातला एकही आखूड झाला म्हणून परत आला नव्हता. कारण सोपं होतं. मंगल कुठलाच कपडा आजच्या मापाने शिवत नसे. जूनमध्ये अंगात घातलेला फ्रॉक मार्चपर्यंत, आणि जमलंच तर त्याच्या पुढच्या मार्चपर्यंत गेला पाहिजे, हा तिचा कायदा. आत चार बोटं कापड दुमडून सोडायचं, पोर वाढलं की उसवायचं. गावातल्या आया तिच्यावर खूश होत्या. पोरं मात्र जूनभर पोत्यात घातल्यासारखी हिंडायची, पण पोरांना कोण विचारतं?

अशा बाईवर सायकल आणायची वेळ आली.

सायकल हवी होती पिंकीला. पिंकी तिची एकुलती एक लेक, नुकतीच दहावी झालेली. बापाच्या जुन्या काळ्या सायकलवरून ही पोरगी एकदा सकाळी निघाली ती पार घाटाकडच्या, पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या हिर्डोशीला टेकून दुपारच्या जेवणाला घरी हजर. शाळेतल्या खेळाच्या सोमनाथ सरांनी घड्याळ लावून तिची वेळ बघितली, खात्री पटेना म्हणून पुन्हा बघितली, आणि पुण्यात होणाऱ्या सायकलिंगच्या निवड चाचणीत तिचं नाव घालून टाकलं. चाचणी येत्या रविवारी होती. सायकल स्वतःची हवी आणि तीही शर्यतीची, रोड बाईक म्हणतात तसली. नसेल तर नाव बाद. पुढच्या वर्षी पिंकीचं वय त्या गटात बसणार नव्हतं, म्हणजे जे काय व्हायचं ते ह्याच रविवारी.

पिंकीचा बाप गोरख शिरवळच्या एका कारखान्यात होता आणि त्याला सुट्टी मिळत नव्हती. "पंचवीस हजाराच्या वर जायाचं न्हाई," त्याने बजावलं. "आन सर म्हनत्यात सायकलीत सगळा खेळ मापाचा आसतो. माप तुला कळतं. तूच जा."

हे ऐकून मंगल फुलली. माप कळतं म्हणजे काय, मापावरच तर तिचं घर चाललं होतं. सोमवारी पिंकी अकरावीच्या प्रवेशासाठी भोरला रांगेत उभी होती, तेव्हा ही आपली मापाची वही पिशवीत टाकून एकटीच कापूरहोळला गेली. पुण्याहून रविवारी चकचकीत कपड्यांत सायकली मारत येणारी मंडळी असतात, त्यांच्यासाठी फाट्याजवळ स्वरूप नावाच्या तरुणाने दुकान टाकलं होतं.

दुकानात पाऊल टाकलं आणि मंगलचं डोकं गरगरायला लागलं. एकाही सायकलला स्टँड नाही, कॅरेज नाही, चिखल उडू नये म्हणून पत्रा नाही, साधी घंटीसुद्धा नाही. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. सीट हाताच्या पंज्याएवढी, आणि कडक.

"ह्याच्यावर बसायचं का नुसतं टेकायचं?" तिने विचारलं.

स्वरूप हसला. "ताई, रेसची सायकल अशीच असते. तुमचं बजेट किती आहे?"

तिने आकडा सांगितला. मग त्याने बोलायला सुरुवात केली आणि मंगल प्रत्येक वाक्याला आणखी खोल बुडत गेली. ही स्टीलची, ती अॅल्युमिनियमची. अॅल्युमिनियमची चांगली. मंगलच्या घरी अॅल्युमिनियमचं पातेलं होतं आणि ते नुसतं खाली पडलं तरी त्याला पोचे येत होते. ह्या सायकलला एकवीस गिअर, त्या सायकलला चौदा. चौदावाली महाग. का, तर चौदाच पुरतात. ही तेरा किलो, ती अकरा किलो. अकरावाली महाग. आता मात्र तिला राहवेना. भाजीपासून सळईपर्यंत सगळं वजनावर विकलं जाताना तिने पाहिलं होतं, आणि इथे वजन कमी होईल तसा भाव चढत होता!

"म्हंजे काय न्हाई त्याचं पैसं घेता व्हय तुमी?"

"तसंच समजा," स्वरूप म्हणाला. तोही आता दमला होता. "पण ताई, खरं सांगू का? गिअर-बिअर राहू द्या. साईझ महत्त्वाची. मुलीला घेऊन या, बसवून बघू."

हे तिला लागलं. बुडणाऱ्याला तळ सापडावा तसा तिला एवढा एकच शब्द कळला होता, आणि त्यातही हा पोरगा तिला शिकवत होता. तिने वही काढून त्याच्यापुढे आपटली. उंची पाच फूट एक इंच, पायाचं आतलं माप, हाताची लांबी, सगळं लिहिलेलं.

स्वरूपने भिंतीवरच्या तक्त्यावरून बोट फिरवलं. "एक्स्ट्रा स्मॉल."

"एकदम बारकी? आवो, वाढत्या अंगाची पोरगी हाय!"

"ताई, सायकल आजच्या मापाची घ्यायची असते."

"मीडियम केवढ्याला?"

"किंमत एकच असते सगळ्या साईझना."

झालं. तेवढ्याच पैशात जास्त कापड मिळत असताना कमी कापणारी शिंपीण मंगल नव्हती. स्वरूपने दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा हार मानली, आणि चोवीस हजारांना मीडियम मापाची लालभडक सायकल टेम्पोत चढली.

घरी हळदकुंकू झालं, हँडलला झेंडूची माळ पडली. शेजारची ठकुबाई म्हणाली, "लई उंच हाय गं, घोडीच जनू." मंगलला ते कौतुकच वाटलं. पिंकीने सायकलभोवती एक चक्कर मारली, सीटवर हात ठेवला आणि म्हणाली, "भारी हाय, आई." तिचा आवाज जरा उशिरा आला, पण मंगलने ते मनावर घेतलं नाही.

मंगळवार गेला, बुधवार गेला. पिंकी पहाटे जायची आणि पाठ धरून परत यायची. सीट पार खाली बसवलेली होती. गुरुवारी मंगल दारात मशीनवर बसली होती. समोरून पिंकी येत होती, एवढ्यात एक शेळी आडवी आली. पिंकीची बोटं ब्रेकपर्यंत पोचायला वेळ लागला. सायकल थांबली खरी, पण तिने पाय खाली टाकला तो जमिनीला लागलाच नाही, आणि पोरगी सायकलसकट गटारात गेली.

मंगल धावली. गुडघा फुटला होता. लाल रंगावर हातभर ओरखडा उठला होता.

"सायकल मोठी हाय व्हय गं तुला?"

"थोडी," पिंकी गुडघ्यावरची माती झाडत म्हणाली. "मी वाढंन की."

मंगलने तिला हाताला धरून घरात नेलं, भिंतीशी उभी केली आणि टेप लावला. पाच फूट एक. तिने वही उघडली. गेल्या दिवाळीला पाच फूट एक. दोन वर्षांमागच्या जूनला पाच फूट एक. आकडे तिच्याच हातचे होते. दोन वर्षं ती दर सणाला हे माप लिहीत होती आणि दर वेळी ब्लाऊजला आत कापड सोडत होती. एकदाही तिच्या ध्यानात आलं नव्हतं की उसवायची वेळच येत नाहीये. पोर वाढायचं संपलं होतं आणि आईला पत्ता नव्हता. सायकलीच्या नुकसानीपेक्षा हेच मंगलला जास्त झोंबलं.

शुक्रवारी मायलेकी टेम्पो करून कापूरहोळला गेल्या. स्वरूप मनाचा मोठा निघाला. मी सांगितलं होतं, असं तो एकदाही म्हणाला नाही. ओरखडा पडल्यामुळे सायकल नवी म्हणून परत घेता येत नव्हती. पण एक्स्ट्रा स्मॉलमध्ये त्याच्याकडे एक वापरलेली होती, पुण्यातल्या एका बाईने विकायला ठेवलेली, राखाडी रंगाची. ही द्या, ती घ्या, वर काही नको, असं तो म्हणाला.

पिंकी तिच्यावर बसली. स्वरूप पाना घेऊन सीट वरखाली करू लागला आणि दोघं आपसात बोलू लागली. मंगलला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तिची पोरगी गिअरविषयी असं काही बोलत होती की दुकानदार मान डोलवत होता. मंगल पिशवी छातीशी धरून बाजूला उभी राहिली.

"आणि ट्रेनिंग सेंटर सुरू होईपर्यंत दोन महिन्यांचाच प्रश्न आहे," स्वरूप नट आवळत म्हणाला. "सिलेक्शन झालं की तिथं सायकल त्यांचीच मिळते. दोन वर्षं हॉस्टेल, जेवण, कॉलेज, सगळं तेच बघतात."

"कसलं हॉस्टेल?" मंगलने विचारलं.

स्वरूपने पिंकीकडे पाहिलं. पिंकीने हँडलकडे.

"सरांनी कागद दिलता," ती हळूच म्हणाली. "तू सही केलीस त्याच्यावर."

"मला वाटलं, एक दिसाची परवानगी हाय. ढाल देत्यात, सर्टिफिकेट देत्यात, आन पोरं घरी येत्यात."

"सांगितलं आसतं तर तू सही केली नसतीस." पिंकी हँडलची पट्टी नखाने खरवडत होती. "मोठी सायकल बघितली तवा म्हनलं, जाऊ दे. जमलं न्हाई तर न्हाई. ऱ्हाईन तुझ्याजवळ. म्हनून बोलले न्हाई."

आता मंगलच्या डोक्यातला सगळा गुंता एकदम सुटला, आणि सुटला नसता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. ती लाल सायकल बाहेर टेम्पोला टेकून उभी होती. तिने एवढंच म्हणायचा अवकाश होता की राहू दे, एवढी महागाची नवी वस्तू टाकून कुणाची जुनी कशाला घ्यायची. कुणी तिला नावं ठेवली नसती. गोरख तर म्हणाला असता, बरोबर केलंस. रविवारी पोरगी शेवटची आली असती आणि सोमवारी भोरच्या कॉलेजला गेली असती, संध्याकाळी घरी आली असती, अशीच दोन वर्षं. मंगलच्या ओठांपर्यंत ते आलं. खोटं कशाला सांगा, एक सबंध मिनिट ते तिथेच थांबलं होतं.

"फिरवून आन," ती म्हणाली.

पिंकी भोर रस्त्याला लागली. पाठ वाकलेली, कोपर किंचित दुमडलेलं, पाय खालपर्यंत पोचून सहज वर येत होते. कुठे ओढाताण नाही, कुठे ढिलाई नाही. बघता बघता ती पुढच्या ट्रकच्याही पलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली. मंगलने पदराने डोळे पुसले. स्वरूप उगाच एक चाक फिरवून बघत बसला.

दहा मिनिटांनी पिंकी परत आली, धापा टाकत, तोंड लाल झालेलं. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभी राहिली.

"कशी वाटली, आई?"

"मला काय कळतंय त्यातलं?" मंगल म्हणाली. "हीच घे. आन रविवारी तिथं गेलीस की नीट इचारून ये, हॉस्टेलला गादी त्यांची आसती का आपली न्यावी लागती."