दोन किल्ल्यांचे दार

शस्त्रांच्या कोठाराला एकच दार होते, पण त्याला किल्ल्या दोन. एक अलीकडच्या देशाची, एक पलीकडची. दोन्ही एकाच वेळी फिरल्या तरच कडी सरकायची, आणि किल्ल्यांची भोके एकमेकांपासून इतकी लांब केली होती, की एका माणसाचे दोन हात पुरू नयेत. लढाई थांबली तेव्हा खंडातल्या सगळ्या देशांनी मिळून ठरवले होते, हद्दीवरच्या बंदुका अशा कोठारांत ठेवायच्या, आणि आत राखण करायला दोन्हीकडचा एकेक माणूस. रोज सकाळी दोघांनी आत जायचे, दार आतून लावून घ्यायचे, पेट्यांवरची मोहोर तपासायची आणि दुपारी दोघांनी मिळूनच बाहेर पडायचे.

अलीकडची किल्ली तिच्या गळ्यात असे. पलीकडची किल्ली मामांच्या कमरेला. मामा तिचे कुणी लागत नव्हते. पण रोज एका बंद खोलीत बसायचे तर माणसाला काहीतरी हाक मारावी लागते.

दुपारी दार उघडायच्या वेळेला भिंतीवरचे दोन्ही फोन एकदम वाजले. तिच्या फोनवर तिचे साहेब, मामांच्या फोनवर त्यांचे. दोघांनी ऐकले, दोघे ‘बरं’ म्हणाले.

“तुम्हाला काय सांगितलं?” तिने विचारले.

“तुला सांगितलं तेच असणार. परिषदेत करार पुढं चालू ठेवायचा का, यावर अडलंय. दोघंतिघं उठून बाहेर गेलेत म्हणे. ते परत बसेपर्यंत किल्ली फिरवायची नाही.”

“आणि ते बसलेच नाहीत तर?”

“मग आपण बसायचं.” मामा एका पेटीवर टेकले. “लग्न त्यांचं आणि उपास आपल्याला.”

ती हसली नाही. दाराबाहेर सासूबाई येऊन थांबल्या असणार, हे तिला न पाहता कळले होते. रोज याच वेळेला त्या बाळाला घेऊन येत. बाळ अजून अंगावरच पीत होते. वाटी-चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून घ्यायचे. सासूबाई म्हणत, आजोबांवर गेलाय, उपाशी राहील पण ऐकणार नाही.

मग ते रडू आले. लोखंडातून गाळून आल्यासारखे बारीक, पण तिच्या अंगाला ते बरोबर सापडले. छाती भरून आली, दगडासारखी झाली, ठणकू लागली. खोलीला खिडकी नव्हती. छतापर्यंत पेट्या, पेट्यांत तेल लावून निजवलेल्या बंदुका. त्यांतली एखादी तिच्या भावाच्या हातातली असेल. एखादी मामांच्या मुलाच्या. दोघांनी कधी विचारले नव्हते, कोणती पेटी कुणाची.

बाहेर सासूबाईंनी सूर धरला. त्यांना बोलण्यापेक्षा गाणे लवकर सुचे.

*दाराआड गं माउली, बाळ बाहेर रडते,*
*हाक आत जाते बाई, पाऊल तेवढे अडते.*

“मामा, माझ्याच्यानं ऐकवत नाही हो.”

मामांनी डब्याशेजारचा थर्मास उचलला, त्याचे झाकण गरम पाण्याने विसळले, पुन्हा विसळले आणि तिच्यापुढे धरले. “त्या मागच्या रांगेत जा. मी इकडं तोंड करून बसतो. आणि खोकत राहतो, म्हणजे तुला कळेल मी कुठं आहे ते.”

ती पेट्यांच्या आड गेली. बंदुकांना पाठ टेकून झाकणात दूध काढू लागली. पलीकडे मामा इमानाने खोकत होते. मधेच खरा खोकला लागला तेव्हा तिला अशाही वेळी हसू फुटले.

दाराच्या तळाशी जेवणाचे डबे सरकवायची फट होती. आतून बाहेर जाणारी वस्तू दाराबाहेर उभ्या दोन्हीकडच्या पहारेकऱ्यांनी तपासायची, असा नियम. तिने झाकण सरकवले. फटीतून बुटांचे दोन जोड दिसले, मग चार गुडघे टेकले. दोघे वाकून पाहत होते.

“घ्या आजी,” शेवटी पलीकडचा पहारेकरी म्हणाला. “सांडू नका.”

“माझे हात काय आज भांडी धरायला लागलेत का रे?” सासूबाई म्हणाल्या.

रडणे लगेच थांबले नाही. आधी चिडले, गुदमरले, हट्टाला पेटले. मग थोडे थोडे विरत गेले. ती दाराला कान लावून बसली. तेवढ्या दुधाने त्याचे किती भागणार, हे तिला माहीत होते.

फोन वाजला. एकच. तिचा.

“आमच्यातर्फे हरकत नाही,” साहेब म्हणाले. “आपला देश सही करतोय. किल्ली फिरवा.”

तिने धावत जाऊन किल्ली भोकात घातली. आणि मामांच्या फोनकडे पाहिले. तो गप्प होता.

मामाही त्याच्याकडे पाहत होते. मग उठले, कमरेची किल्ली सोडली, आपल्या भोकापाशी गेले. “चल पोरी. मोज तीनपर्यंत.”

बाहेर बाळ पुन्हा कुरकुरू लागले.

तिने डोळे मिटले. परवानगी नसताना पलीकडची किल्ली फिरली, तर उद्या कुणीतरी म्हणेल, त्या म्हाताऱ्याला धमकावले. कुणी म्हणेल, फितवले. मग या पेट्या उघडतील. आणि बाळ एक दिवस मोठे होईल, बंदूक पेलेल एवढे.

तिने आपली किल्ली भोकातून काढली.

“नको मामा. तुमचा फोन येऊ दे.”

“तो आज येईल असं कुणी सांगितलंय?”

“कुणी नाही.”

मामा तसेच उभे राहिले, किल्लीवर हात ठेवून. मग त्यांनीही ती काढली आणि दाराकडे पाठ करून खाली बसले. फटीतून रिकामे झाकण आत सरकत आले. सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या. “अजून मागतोय गं,” त्या म्हणाल्या.

मामांनी झाकण उचलले. थर्मासात तळाशी गरम पाणी उरले होते. त्यांनी त्याने झाकण विसळले, तिच्या हातात दिले आणि भिंतीकडे तोंड करून खोकायला लागले.