रिकामी पुंगळी

"माशी वाकली नाई, मुखरूभाऊ. कोणी हात नाई लावला."

"मंग गोळी खाली काऊन जाते?" नेम धरायची माशी बोटानं चाचपत मुखरूनं नथ्थूकडं डोळे वटारले. दूर बांधावर ठेवलेलं मडकं साबूत होतं. खालची मातीच तेवढी उडाली होती.

मालगुजाराची रायफल गावात एकट्या मुखरूलाच चालवता येई. निदान त्याचं तरी तसं म्हणणं होतं. मोहफुलं वेचताना नथ्थूच्या बायकोला, मंगलीला, वाघिणीनं नेलं, तेव्हापासून नाल्यापलीकडच्या मोहाखाली कोणी पाऊल टाकलं नव्हतं. मंगलीची टोपली तिथंच पडून होती. वाघीण सांजेला तिथं पाण्यावर येई, पण जवळ माणूस दिसला की पसार. मारायची ती अलीकडच्या काठावरूनच. नुसती जखमी झाली, तर गावाचं काही खरं नव्हतं.

मुखरूला पक्कं वाटत होतं, नथ्थूला सूड स्वतः घ्यायचाय, म्हणून यानंच माशी वाकवली. काय म्हणावं या माणसाला! बायको गेलेल्यावर संशय! सकाळी तर त्यानं नथ्थूच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मंगली माही होती, भाऊ. तुहा नेम चुकावा असं मले काऊन वाटन?" नथ्थू म्हणाला. "आण, मी भरतो. गोळी भरली का उडालेल्या गोळीची रिकामी पुंगळी, ते सांगत नाई. तू चाप ओढ."

"मले येडा समजून राह्यला का बे?"

तरी त्यानं चाप ओढला. नुसतं टक् झालं. ना बार, ना धक्का, तरी नळी खाली झुकली. डोळेही मिटले होते. धक्क्याच्या भीतीनं अंगच आधी दचकत होतं. मुखरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणखी भर," तो हळूच म्हणाला.

दुपारभर नथ्थू भरत राहिला. पुंगळी, पुंगळी, मधूनच गोळी. मुखरू अर्धा श्वास सोडून चाप सावकाश ओढत राहिला. उन्हं उतरता उतरता मडकं फुटलं.

सांजेला दोघं नाल्याच्या अलीकडच्या काठावर दबा धरून बसले. पलीकडं वाघीण पाण्यावर आली. नथ्थूनं पाठ फिरवून रायफल भरली नि पुढं केली. काय भरलं? प्रश्न मुखरूच्या ओठांवर आला. पण कळलं असतं तर अंग पुन्हा दचकलं असतं. त्यानं विचारलं नाही. ज्याच्या हातचं पाणी नको होतं, त्याच्या हातची बंदूक त्यानं खांद्याला लावली.

बार झाला. वाघीण जागीच आडवी झाली.

बार ऐकून लोक धावत आले, वाघिणीभोवती जमले. नथ्थू तिथं थांबलासुद्धा नाही. मोहाखाली जाऊन त्यानं टोपली उचलली. तळाशी वाळलेली फुलं होती. ती सांडू नयेत म्हणून टोपली दोन्ही हातांनी छातीशी धरून तो घराकडं निघाला.